डावा सहा, उजवा साडेपाच

कालाकुंडच्या उतारावर बुटाचा तळ सुटला
तेव्हा तो आधी हसला.
पुढून फट पडली आणि दर पावलाला
तोंड उघडून मिटू लागला,
जणू काही सांगायचंय आणि मीच ऐकत नाहीये.
सेलमधला गुलाबी बूट, वजनाला फूल.
ताऱ्यांच्या निर्मलाने पर्सचा पट्टा तोडून
तो बांधून दिला.
उरलेले चार किलोमीटर
मी एका पर्सवर चालले.

मग सियागंज. हकीमुद्दीनभाईंचं दुकान.
बाहेर दोर, ताडपत्र्या, बादल्यांची उतरंड,
आणि आत, अंधारात, बूट.
मी सकाळीच गेले होते.
"शाम को आना," ते म्हणाले,
"सुबह का पाँव झूठ बोलता है."

संध्याकाळी पाय सुजून खरे झाले.
त्यांनी रंग विचारला नाही.
जाड मोजे दिले, पितळी पट्टी काढली.
"पाच नंबर," मी म्हटलं,
पाढ्यासारखं, न विचारताच.
ते काही बोलले नाहीत. पट्टी सरकली.
डावा सहा. उजवा साडेपाच.

माझा नंबर माझ्या पायांखेरीज
सगळ्यांना ठाऊक होता.
अण्णा शाळेचे पांढरे कॅनव्हास आणायचे, अंदाजाने.
मग सासूबाईंच्या, एकदाच घातलेल्या, चपला.
मग दर दिवाळीला राजवाड्यावरून हे:
"पाचच ना?"
हो, पाचच.
तीस वर्षांचे ते हो
करंगळीवर साठलेत.
त्याला आपण कुरूप म्हणतो.
आपली भाषा पायाच्या बाबतीत
आडपडदा ठेवत नाही.

पहिला जोड त्यांनी स्वतःच बाद केला.
दोन्ही टोकं धरून दाबला, तो मधोमध मोडला.
"पाय मधे वाकतो का तुमचा?"
दुसरा पिळून बघितला,
ओलं फडकं पिळावं तसा पिळला गेला.
बाजूला.
कोपऱ्यात त्यांची एक तिरपी फळी होती,
वर खडे चिकटवलेले, खरे, नर्मदेकाठचे असं ते म्हणाले
(असतीलही).
"उतरा. चढ दम काढतो, उतार नखं काढतो."
मी उतरले. साडी एका हातात,
दुसऱ्या हातात त्यांच्या नातवाचा खांदा.
बोटं पुढे आपटली.
"नाही."

चौथा जोड तपकिरी, रुंद,
सुटकेससारखा दिसायला.
घोट्याभोवती आला तो असा,
चालत्या बसमध्ये अनोळखी बाईने दंड धरावा,
घट्ट, आणि धरल्याचं नंतर कुणी काढू नये.
फळीवरून उतरले.
परत चढले.
नातू कंटाळून बादल्या मोजायला गेला.

चार हजार दोनशे.
मी वीज मंडळात आयुष्यभर आकडे तपासले,
आकड्यांना दचकत नाही. दचकले.
"एवढ्यात तर..." घरून फोनवर वाक्य सुरू झालं.
मी म्हटलं, पाच नव्हता. सहा आहे.
पलीकडे थोडा वेळ फक्त टीव्ही ऐकू आला.

उजव्या पायासाठी त्यांनी
नमद्याचा तुकडा कापून आत घातला.
अर्ध्या नंबराचे पैसे घेतले नाहीत.

आता आठ दिवस घरातच रुळवायचे, असा हुकूम आहे.
म्हणून रामबागेत सकाळी
सुती साडी आणि हे बूट घालून मी पोहे आणायला जाते.
पोहेवाला शेव टाकता टाकता थांबतो:
"आंटी, बॉर्डर पे जा रही हो क्या?"
चोरलला, मी म्हणते. रविवारी.
जिरावण जरा जास्त टाक.

कुरूप अजून दुखतं. बुटाने ते जात नाही.
पण रांगेत उभी असताना
मी आत, अंधारात,
करंगळी हलवून बघते.
हलते.